जपानात सहा लाख, जगात ऐंशी लाख
(वाचकांचे प्रश्न)

गेल्या दोन अंकांत व्हिडिओ गेमच्या विक्रीचे आकडे ओझरते येऊन गेले आणि त्यावर अपेक्षेपेक्षा बरीच पत्रे आली. त्यांतील पाच प्रश्न या वेळी घेतले आहेत. पहिल्याचे उत्तर लांबले आहे, कारण बाकीच्या चारांची निम्मी उत्तरे त्यातच दडलेली आहेत.

प्रश्न : ‘मॉन्स्टर हंटर : वर्ल्ड’ हा गेम २०१८ साली जपानात पहिल्या आठवड्यात साडेतेरा लाख विकला गेला आणि त्याच मालिकेतील ‘वाइल्ड्स’ २०२५ मध्ये पहिल्या आठवड्यात अवघा सहा लाख, असे मी वाचले. त्याच वेळी तो काढणारी कॅपकॉम ही जपानी कंपनी मात्र ‘वाइल्ड्स’च्या तीन दिवसांत ८० लाख प्रती विकल्या गेल्याचे सांगते. मायदेशात निम्म्यावर आलेला गेम जगात विक्रम कसा करील? यांपैकी कोणता आकडा खोटा मानावा? — एक वाचक, पुणे

उत्तर : दोन्ही आकडे आपापल्या जागी खरे आहेत. फक्त ते एकाच गोष्टीचे नाहीत. साडेतेरा लाख आणि सहा लाख हे आकडे ‘फामित्सू’ या जपानी नियतकालिकाचे. ते देशभरातील निवडक दुकानांकडून विक्रीची माहिती घेते, तिच्यावरून संपूर्ण जपानचा अंदाज बांधते आणि दर आठवड्याला यादी प्रसिद्ध करते. या यादीत दुकानाच्या काउंटरवरून गेलेली डिस्क किंवा कार्ट्रिज मोजली जाते. घरबसल्या कन्सोलच्या, म्हणजे गेम खेळण्याच्या यंत्राच्या, ऑनलाइन दुकानातून उतरवून घेतलेली प्रत तिच्यात येत नाही, आणि संगणकावर ‘स्टीम’ या ऑनलाइन दुकानातून घेतलेली प्रत तर नाहीच नाही. कॅपकॉमच्या ८० लाखांत मात्र जगातील सर्व देश, सर्व यंत्रे आणि विक्रीच्या सर्व वाटा एकत्र केलेल्या आहेत, आणि त्या घोषणेत देशवार फोड दिलेली नव्हती.

दुकानाबाहेरचा हिस्सा केवढा असतो, हे ताडून पाहण्याची संधी फार क्वचित मिळते, परंतु २०२३ च्या मे महिन्यात ती मिळाली. निन्टेन्डो या जपानी कंपनीचा झेल्डा मालिकेतील ‘टिअर्स ऑफ द किंगडम’ हा गेम १२ मे रोजी जगभर एकाच दिवशी आला. पहिल्या तीन दिवसांत जगात १ कोटीहून अधिक आणि जपानात २२.४ लाख प्रती विकल्या गेल्या, असे निन्टेन्डोने जाहीर केले. त्याच तीन दिवसांसाठी, त्याच देशासाठी, त्याच गेमसाठी फामित्सूचा आकडा ११ लाखांच्या आसपास होता. म्हणजे दुकानांच्या यादीत दिसला त्याच्या जवळजवळ दुप्पट खप प्रत्यक्षात झाला होता. ज्याने केवळ फामित्सू पाहिले, त्याला अर्धा जपान दिसलाच नाही.

आता आपल्या प्रश्नातील दोन गेमकडे या नजरेने पाहावे. ‘वर्ल्ड’ २६ जानेवारी २०१८ रोजी आला, तेव्हा जपानात तो केवळ सोनीच्या प्लेस्टेशन ४ या यंत्रावर मिळत होता आणि संगणकावरची आवृत्ती त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये आली. ज्याला पहिल्या दिवशी खेळायचे होते, त्याला दुसरी वाटच नव्हती. ‘वाइल्ड्स’ २८ फेब्रुवारी २०२५ रोजी प्लेस्टेशन ५, मायक्रोसॉफ्टचे एक्सबॉक्स आणि स्टीम या तिन्हींवर एकाच दिवशी आला, आणि स्टीमवर एका वेळी खेळणाऱ्यांची संख्या १३.८ लाखांवर गेली. ‘वर्ल्ड’च्या वेळी स्टीमवरील हीच सर्वोच्च संख्या सव्वातीन लाखांच्या थोडी पुढे थांबली होती. त्यात यंत्राच्या किमतीची भर घाला. २०१८ साली जपानात प्लेस्टेशन ४ सुमारे ३० हजार येनला येत होता, तर सप्टेंबर २०२४ पासून प्लेस्टेशन ५ ची किंमत ७९,९८० येन झाली. एवढे पैसे घालायचे तर त्यात थोडी भर टाकून संगणकच घ्यावा, असा हिशेब अनेक घरांत झाला असल्यास नवल वाटायला नको. फामित्सूच्या यादीत असा ग्राहक नाहीसा होतो, पण कॅपकॉमच्या खात्यात तो जमाच असतो.

दोन्ही गेम शुक्रवारी आले, ही एक बरी गोष्ट. फामित्सूचा आठवडा सोमवार ते रविवार असतो, त्यामुळे दोन्ही ‘पहिले आठवडे’ प्रत्यक्षात तीन-तीन दिवसांचेच आहेत आणि तेवढ्यापुरती तुलना न्याय्य आहे. गुरुवारी आलेल्या गेमशी ती केली असती, तर एक दिवस फुकट पदरात पडला असता.

येथवर वाचून कोणी असा नियम काढील, की फामित्सूच्या आकड्याला सरसकट दोनने गुणावे. तसे करू नये. हा पट गेमगणिक बदलतो. ‘मोमोतारो देन्तेत्सू’ या कोनामी कंपनीच्या मालिकेतील २०२० सालच्या गेमचे उदाहरण घ्या. रेल्वेने जपानभर फिरत मालमत्ता विकत घेत जाण्याचा हा सोंगट्या-फाशांच्या वळणाचा गेम घरातील चौघे एकत्र बसून खेळतात, तो बाहेरच्या देशांसाठी इंग्रजीत काढलाच नाही, आणि तरी त्याच्या ३० लाखांहून अधिक प्रती गेल्या. असे गेम आजी-आजोबा नातवंडांना भेट म्हणून घेतात, आणि भेट द्यायची तर हातात डबा लागतो. शिवाय जपानात खेळून झालेली कार्ट्रिज जुन्या मालाच्या दुकानात विकण्याची पद्धत चांगलीच रुळलेली आहे, आणि डाउनलोड केलेली प्रत पुन्हा विकता येत नाही. अशा गेमचा दुकानांतील हिस्सा मोठा राहतो. उलट संगणकावर मुरलेल्या खेळाडूंच्या गेममध्ये तो आक्रसत जातो. माझ्या मते फामित्सूची यादी आजही वाचण्यासारखी आहे, परंतु ती जपानी दुकानांची नाडी म्हणून. जपानी खेळाडूंची शिरगणती म्हणून ती वाचली की चूक होते.

आणि ८० लाखांबद्दलही थोडा हात राखून बोलावे. ‘वाइल्ड्स’ने महिनाभरात १ कोटीचा टप्पा ओलांडला, पण त्यानंतरच्या एप्रिल ते जून २०२५ या तिमाहीत कॅपकॉमच्याच हिशेबानुसार त्याच्या केवळ ४.७७ लाख प्रती विकल्या गेल्या. याच्या उलट निन्टेन्डोचा ‘मारिओ कार्ट ८ डीलक्स’. एप्रिल २०१७ मध्ये आला, तेव्हा जपानी दुकानांत पहिल्या तीन दिवसांत तीन लाखांच्याही आतच राहिला, आणि मार्च २०२५ अखेर जगात त्याच्या ६.८२ कोटी प्रती गेल्या होत्या. पहिल्या आठवड्याच्या आकड्यावर पैज लावणाऱ्यांनी ही जोडी ध्यानात ठेवावी.

प्रश्न : कंपन्यांच्या अहवालांत कधी ‘शिप्ड’ तर कधी ‘सोल्ड’ असा शब्द असतो. हा केवळ भाषेचा फरक आहे का? — एक विद्यार्थिनी, कोल्हापूर

उत्तर : दिवाळी अंक काढणाऱ्या कोणालाही हा फरक समजावून सांगावा लागणार नाही. छापलेल्या प्रती, विक्रेत्याने उचललेल्या प्रती आणि गिऱ्हाईकाने पैसे मोजून घरी नेलेल्या प्रती, हे तीन वेगळे आकडे असतात, आणि परतीच्या प्रतींचे गठ्ठे दिवाळीनंतर कार्यालयात येऊन पडू लागले की तिसरा आकडा कळतो. गेमच्या धंद्यात ‘शिप्ड’ म्हणजे दुकानदाराने किंवा वितरकाने उचललेला माल. निन्टेन्डो दर तिमाहीला यंत्रांचे आणि गेमचे जे प्रदेशवार आकडे देते, ते मुळात या प्रकारचे असतात आणि गेमच्या बाबतीत त्यांत डाउनलोडची भर असते. ‘ग्रँड थेफ्ट ऑटो’ काढणारी टेक-टू ही कंपनी तर आपल्या निवेदनांत सरळ ‘सोल्ड-इन’ असाच शब्द वापरते. म्हणजे माल दुकानात गेला, एवढाच दावा. तो प्रामाणिक आहे, परंतु वाचणारा त्यातील ‘इन’ विसरतो.

हा फरक किती चकवतो, याचे माझे आवडते उदाहरण २०१३ सालचे आहे. निन्टेन्डोचे ‘वी यू’ हे यंत्र २०१२ च्या अखेरीस आले आणि मार्च २०१३ पर्यंत त्याची ३४.५ लाख यंत्रे दुकानांकडे रवाना झाली. पुढच्या एप्रिल ते जून या तिमाहीत कंपनीने दिलेला आकडा होता संपूर्ण जगात १.६ लाख. त्याची फोड पाहा : जपान ९० हजार, अमेरिका खंड ६० हजार, आणि ‘इतर’ १० हजार. युरोप तेव्हा या ‘इतर’मध्येच मोडत होता. तीन महिन्यांत युरोप, ऑस्ट्रेलिया आणि बाकीचे जग मिळून केवळ दहा हजार लोकांनी ते यंत्र घेतले, असे कोणी वाचले तर ते चूक ठरेल. नाताळच्या अपेक्षेने भरलेला माल युरोपीय दुकानांच्या फळ्यांवर तसाच पडून होता, त्यामुळे दुकानदार नवा माल उचलीत नव्हते. ग्राहक जुन्या साठ्यातून थोडेथोडे घेतच होते. आधीच्या आकड्याने खप फुगवून दाखवला होता आणि या आकड्याने तो खऱ्याहूनही कमी दाखवला. सगळे एकत्र जुळायला वेळ लागला. ‘वी यू’ची अखेरची बेरीज १.३५६ कोटीवर थांबली, आणि इतक्या मोठ्या कालखंडात ‘शिप्ड’ आणि ‘सोल्ड’ यांत फारसे अंतर उरत नाही, कारण न खपणारा माल दुकानदार कायम उचलीत राहत नाही. म्हणून माझा स्वतःचा प्रघात असा, की तिमाहीचा आकडा संशयाने वाचावा आणि यंत्राच्या आयुष्यभराचा आकडा बऱ्यापैकी विश्वासाने.

परतीच्या मालाचे टोकाचे उदाहरण अटारी या अमेरिकी गेम कंपनीचे. ‘ई. टी.’ चित्रपटावरून १९८२ साली काढलेल्या गेमची लाखो कार्ट्रिज दुकानांतून परत आली, आणि १९८३ मध्ये अटारीने ट्रक भरभरून न खपलेला माल अमेरिकेच्या न्यू मेक्सिको राज्यातील अलामोगोर्डो गावाच्या कचरा डेपोत पुरून टाकला. २०१४ साली तो खड्डा उकरला, तेव्हा त्यातून ही कार्ट्रिज खरोखरच निघाली.

या सदराच्या सुरुवातीच्या काळात मीही एकदा एका कंपनीचा दुकानांकडे गेलेल्या मालाचा आकडा आणि दुसऱ्या कंपनीचा ग्राहकांनी घेतलेल्या मालाचा आकडा शेजारी-शेजारी मांडून विजेता घोषित केला होता. एका वाचकाने दोन ओळींच्या पोस्टकार्डावर माझी हजेरी घेतली. ते कार्ड अजून माझ्या टेबलाच्या काचेखाली आहे.

प्रश्न : अमेरिकेच्या मासिक यादीत केवळ क्रमांक असतात, आकडे नसतात. असे का? आणि तेथे पहिल्या दहांत निन्टेन्डोचे नवे गेम अनेकदा अपेक्षेपेक्षा खाली का दिसतात? — एक वाचक, ठाणे

उत्तर : ही यादी पूर्वी एनपीडी नावाच्या संस्थेकडून येत असे. विलीनीकरणानंतर २०२३ पासून तिचे नाव सर्काना झाले. २०१० सालापर्यंत ती प्रमुख गेमच्या प्रतींचे आकडेही सर्वांसाठी प्रसिद्ध करीत होती. त्यानंतर ते पैसे भरणाऱ्या ग्राहकांपुरते ठेवले गेले आणि बाहेरच्यांच्या वाट्याला केवळ क्रम उरला. हा क्रमही प्रतींवर नसून डॉलरमधील उलाढालीवर लागतो. ७० डॉलरचा गेम आणि ३० डॉलरला सवलतीत गेलेला गेम समसमान संख्येने विकले गेले, तर पहिला पुष्कळ वर दिसेल. दुसरे म्हणजे डाउनलोडची विक्री ज्या प्रकाशकांनी सर्कानाला कळवली, त्यांचीच धरली जाते आणि निन्टेन्डो ती कळवीत नाही. निन्टेन्डोच्या गेमशेजारी खूण असते आणि तळाशी बारीक अक्षरांत डाउनलोड धरलेले नाहीत असे लिहिलेले असते. बाकीचे स्पर्धक दोन्ही पायांनी धावत असताना निन्टेन्डो लंगडी घालीत धावते, असे समजा. त्या अवस्थेतही ‘टिअर्स ऑफ द किंगडम’ मे २०२३ मध्ये पहिला आला, यावरून त्याचा खरा जोर लक्षात यावा.

एक बारीक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. या यादीचा महिना कॅलेंडरचा नसतो. आठवड्यांचे गट चार, चार, पाच असे पाडलेले असतात, त्यामुळे मार्च, जून, सप्टेंबर आणि डिसेंबर हे पाच आठवड्यांचे महिने ठरतात. फेब्रुवारीपेक्षा मार्चमध्ये विक्री वाढली, हे वाक्य लिहिण्यापूर्वी पाचवा आठवडा वजा करून पाहावा.

एक्सबॉक्सच्या यंत्रांचे आकडे शोधत बसू नये. मायक्रोसॉफ्टने २०१५ पासून ते देणे बंद केले आहे. गेमबाबतही तिच्या घोषणांत ‘खेळाडू’ हा शब्द येतो. ‘स्टारफील्ड’ला सप्टेंबर २०२३ मध्ये काही दिवसांतच १ कोटी खेळाडू मिळाले, परंतु गेम पास ही मासिक वर्गणी भरणाऱ्याला तो वेगळा विकत घ्यावाच लागत नव्हता. वाचनालयाच्या सभासदांची संख्या म्हणजे पुस्तकाचा खप नव्हे.

प्रश्न : लोकसंख्या पाहता जपान लहान आहे. मग अमेरिकेत जास्त विकला गेलेला गेम अमेरिकेत अधिक लोकप्रिय, असे म्हणणे बरोबर आहे का? तसेच भारताचा आकडा कोणत्याच यादीत का नसतो? मुंबईत तर निन्टेन्डोची यंत्रे सर्रास मिळतात. — एक वाचक, मडगाव

उत्तर : पहिल्या भागाला पुन्हा झेल्डाचेच उदाहरण पुरेल. त्या तीन दिवसांत अमेरिका खंडात ४० लाख प्रती गेल्या आणि जपानात २२.४ लाख. जपानची लोकसंख्या साधारण १२.४ कोटी, म्हणजे दर ५५ माणसांमागे एक प्रत. अमेरिका खंडातील केवळ संयुक्त संस्थाने आणि कॅनडा धरले तरी ३७ कोटींच्या पुढे जाते, म्हणजे ९० हून अधिक माणसांमागे एक. मेक्सिको आणि ब्राझील मिळवले तर प्रमाण आणखी पातळ होईल. व्यापाऱ्याला ४० लाख महत्त्वाचे आणि समाजाचा अभ्यास करणाऱ्याला ५५ महत्त्वाचे. दोघेही आपापल्या जागी बरोबर आहेत. अमेरिकी फुटबॉलचा ‘मॅडन’ हा गेम मात्र कोणत्याही मापाने पाहिला तरी उत्तर अमेरिकेपुरताच, आणि युरोपात सॉकरच्या गेमची जी मिरास आहे ती जपानात नाही.

दुसऱ्या भागाचे उत्तर असे, की निन्टेन्डो भारतात अधिकृतपणे यंत्रे विकत नाही. लॅमिंग्टन रोडवरच्या दुकानात दिसणारे ‘स्विच’ हे निन्टेन्डोचे यंत्र दुबई, हाँगकाँग, जपान अशा ठिकाणांहून आलेले असते. ज्या देशाच्या वितरकाने ते मूळ उचलले, त्या देशाच्या रकान्यात ते कधीच जमा झालेले असते. त्यामुळे आपल्या शेजाऱ्याच्या मुलाचे यंत्र निन्टेन्डोच्या वहीत कदाचित जपानी ठरले असेल. ही गळती लहान नसावी, असे खुद्द कंपन्यांच्या वागण्यावरून वाटते. येन घसरल्यामुळे जपानातील यंत्र बाहेरच्यांना स्वस्त पडू लागले, तेव्हा निन्टेन्डोने जून २०२५ मध्ये स्विच २ ची केवळ जपानी भाषेत चालणारी आवृत्ती ४९,९८० येनला आणि सर्व भाषांची आवृत्ती ६९,९८० येनला काढली. वीस हजार येनचा हा फरक जपानबाहेर जाणाऱ्या पेट्यांवर घातलेला बांधच म्हणायला हवा. जपानातील प्लेस्टेशन ५ चे जुने आकडे वाचतानाही त्यांतील किती पेट्या देशातच उघडल्या गेल्या, हा प्रश्न मनात असावा.

सोनीचे तसे नाही. प्लेस्टेशन ५ भारतात २ फेब्रुवारी २०२१ रोजी अधिकृतपणे ४९,९९० रुपयांना आले, पण कंपनी आपल्या घोषणांत जगाची बेरीज देते आणि भारताचा वेगळा रकाना काढत नाही. भारतातील बहुसंख्य खेळाडू मोबाइलवर, आणि तेही फुकटच्या गेमवर असतात. ‘बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया’ जुलै २०२१ मध्ये आला आणि वर्षभरात त्याचे १० कोटी नोंदणीकृत वापरकर्ते झाल्याचे क्राफ्टन कंपनीने सांगितले. हे दहा कोटी म्हणजे विक्री नव्हे. त्यांतील किती जणांनी गेममधील पोशाखासाठी किंवा बंदुकीच्या रंगासाठी एक रुपया तरी खर्च केला, हा निराळाच आकडा आहे आणि महसूल त्यावर ठरतो. वर्तमानपत्रांत या दहा कोटींची तुलना झेल्डाच्या एक कोटीशी केलेली पाहिली, की पेन खाली ठेवावेसे वाटते.

प्रश्न : जपानी संकेतस्थळे भाषांतर करून वाचताना लाख आणि मिलियन यांचा फार घोळ होतो. नमुन्यादाखल एक कात्रण सोबत जोडले आहे. काही सोपी युक्ती? — एक वाचक, इंदूर

उत्तर : जपानी मोजणी हजारावर थांबत नाही आणि लाखावरही नाही. ती दहा हजारांच्या गठ्ठ्यांनी चालते. या गठ्ठ्याला ‘मान’ म्हणतात, आणि असे दहा हजार गठ्ठे झाले की ‘ओकु’, म्हणजे आपले दहा कोटी. यंत्राने केलेल्या भाषांतरात मूळचा ‘मान’ इंग्रजीत आणि तेथून मराठीत येताना एखादे शून्य गळते किंवा चिकटते. त्यापेक्षा मूळ पानावरील ‘मान’चे चिन्ह (万) ओळखून थेट आपल्याकडे यावे. त्याच्या आधीच्या संख्येला दहाने भागले की लाख मिळतात. निन्टेन्डोच्या जपानी निवेदनात ‘२२४ मान’ असे लिहिलेले होते, त्याचेच वर आपण २२.४ लाख वाचले. ‘१००० मान’ दिसले की एक कोटी. आपण पाठवलेल्या कात्रणात जे दहा कोटी छापले आहेत, ते हेच एक कोटी आहेत.